गावानं चालवलेल्या कामात स्वयंसेवक म्हणून जाताना: जाण्याआधीपासून निघेपर्यंत

निघण्यापूर्वी कागदावर एक नाव लिहा: गावातल्या कुणी तुम्हाला बोलावलं आहे, त्याचं. शहरात कार्यालय असलेल्या संस्थेचं नाव इथे चालणार नाही. गावात राहणाऱ्या माणसाचं, शेतकरी गटाचं, पाणी समितीचं किंवा तिथल्या शाळेच्या पालकांचं नाव हवं. ते लिहिता येत नसेल, तर अजून जायची वेळ झालेली नाही.

नाव मिळालं की त्या माणसाशी फोनवर नीट बोला आणि तीन गोष्टी विचारा. काम नेमकं कुठे अडलं आहे? त्यासाठी तुम्ही आजवर काय करून पाहिलं? आणि आम्ही आलोच नाही, तर पुढे काय कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं असतं. ‘काम आम्ही करूच, पण मोजमाप आणि हिशेब जमत नाही,’ असं कुणी म्हणालं, तर तुमची जागा कळली. ‘तुम्ही आलात तरच होईल,’ असं उत्तर आलं, तर ते काम बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी कल्पनेतलं आहे. तुम्ही निघालात की ते थांबेल.

मुदतीचा विचारही इथेच करायचा. दोन-तीन आठवड्यांत एखादं बांधीव कौशल्य देता येतं: जमाखर्चाची वही बसवून देणं, पाइपलाइनच्या वाटेची पाहणी, हापसा दुरुस्तीचं प्रशिक्षण. लोकांना एकत्र बसवून निर्णयापर्यंत नेण्याच्या कामाला मात्र निदान सहा महिने लागतात, आणि त्यात एक कोरडा व एक ओला हंगाम यावा. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पीस कोर या संस्थेतून १९६१ पासून लोक जातात. तिथे साधारण तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्यात भाषेवर भर, आणि मग दोन वर्षांचं काम अशी रचना आहे. एवढा वेळ सगळ्यांना काढता येत नाही, पण भाषा आधी आणि काम नंतर हा क्रम सगळ्यांनीच पाळावा. जाण्यापूर्वी तिथल्या बोलीतले दोन-तीनशे शब्द तोंडात बसले पाहिजेत: नाती, आकडे, वार, अवजारं, आजार, आणि ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य.

एक काम मात्र थोड्या मुदतीसाठी घेऊच नका: अनाथाश्रमातल्या मुलांची देखभाल. मुलांना दर महिन्याला नवा माणूस जवळ येऊन निघून जाताना पाहावा लागतो, आणि पाहुणे येतात म्हणून आश्रमात मुलं ठेवण्याचे प्रकारही घडतात. तिथे तुमची सदिच्छा मुलांच्या कामी येत नाही.

सगळं जुळलं की एका पानाचा करार करा, गावाच्या भाषेत. काम कोणतं, त्याचं नेतृत्व गावातल्या कुणाकडे, तुम्ही कोणत्या तारखेला येणार आणि कोणत्या तारखेला जाणार, राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार, तुमच्याबद्दल तक्रार असेल तर ती कुणाकडे जाईल. तक्रारीची ओळ हमखास राहून जाते. ती नसली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, नुसते बैठकीला यायचे थांबतात.

निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटून धनुर्वात, विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी पाहून घ्या. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा, हे पाठ असू द्या. जवळचा दवाखाना किती तासांवर आहे आणि रात्री वाहन कुणाकडे मिळतं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पहिला महिना: कोणतंही काम सुरू करायचं नाही

दोन-तीन आठवड्यांच्या नेमक्या कामाला हे लागू नाही; लांब मुदतीसाठी आलेल्यांना मात्र हे पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण हात शिवशिवत असतात. पण पहिल्या आठवड्यात तुम्ही जे काही सुरू कराल, ते तुमचं काम म्हणूनच ओळखलं जाईल.

या महिन्यात लोकांबरोबर कामाला जा. पाणी आणायला, तण काढायला, जनावरांमागे. चालता-चालता जे कानावर येतं ते प्रश्नावलीतून येत नाही. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८०च्या दशकात बाहेरून येणाऱ्यांच्या नजरेतले दोष मांडले होते, ते आजही तंतोतंत लागू पडतात. आपण डांबरी रस्त्यालगतची घरंच पाहतो. कोरड्या हंगामात जातो, म्हणून पावसाळ्यातले हाल दिसत नाहीत. बोलतो ते पुढारी, पुरुष आणि शिकलेल्यांशी. ज्या वस्तीवर आधीपासून एखादा प्रकल्प आहे, तिथेच आपल्याला नेलं जातं. यावर उपाय अगदी साधा: पहिल्या महिन्यातल्या निम्म्या दिवसांच्या संध्याकाळी रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या घरांसाठी ठेवा, आणि जाताना तिथल्याच कुणाला तरी सोबत घ्या.

दुसऱ्या आठवड्यात शिवारफेरी करा. गावाच्या सगळ्यात उंच जागेपासून सखल जागेपर्यंत एक वाट ठरवा. चार-पाच जण, त्यात निदान दोन बायका आणि एखादा गुराखी. दोन ते तीन तास लागतात. जमीन बदलली, झाडी बदलली, पाणी दिसलं की थांबायचं आणि तिथे चार प्रश्न विचारायचे: ही जागा कुणाची, इथे काय पिकतं, पूर्वी काय होतं, अडचण काय. वही गावातल्या माणसाच्या हातात द्या. तुम्ही लिहायला लागलात की लोक तुमच्याकडे बघून बोलतात. त्यांच्यातला कुणी लिहीत असला की एकमेकांशी बोलतात, चुकलं तर दुरुस्त करतात.

नकाशाचंही तसंच. मोकळ्या जमिनीवर राख, दगड, पानं, बिया घेऊन लोकांनाच गाव काढू द्या. बायकांचा नकाशा वेगळा काढा, त्यांना सोयीच्या वेळी. ती वेळ त्यांनाच विचारा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की फरक दिसतो: पुरुषांच्या नकाशात रस्ते आणि शेतं मोठी, बायकांच्या नकाशात पाणी, सरपण आणि अंधारात जायला नको वाटणाऱ्या जागा. नकाशात एखादी वस्ती राहून गेली असेल, तर ती कुणाची हे शांतपणे विचारा. ती ज्यांना आठवली नाही, तेच उद्या समितीत बसणार असतात.

मग वर्षाचं चक्र. जमिनीवर बारा महिन्यांचे बारा दगड मांडा आणि खाली एकेक ओळ घ्या: पाऊस, शेतकाम, बाहेरची मजुरी, कर्ज, आजारपण, पाण्याची टंचाई, गाव सोडून जाणं. प्रत्येक महिन्याला शून्य ते पाच बिया. अर्ध्या तासात कळतं की श्रमदान कोणत्या महिन्यात मागायचं नाही आणि वर्गणी कोणत्या महिन्यात मिळेल. पुष्कळ गावांत सुगीआधीचे आठवडे सगळ्यात वाईट असतात: धान्य संपलेलं, काम भरपूर, आजार जोरात आणि हातात पैसा नाही. नेमकी तेव्हाच बैठक बोलावली आणि कुणी आलं नाही, तर ‘लोकांना पडलेली नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

काम कोणतं, हे गावानं ठरवताना

‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलंत की तुमच्याकडे जे असेल असं लोकांना वाटतं, त्याची यादी मिळते. त्याऐवजी ‘कशासाठी तुम्ही आधीच वेळ किंवा पैसा घालत आहात?’ असं विचारा. जिथे लोक स्वतःहून काही करत आहेत, तिथे इच्छा आहे, माहिती आहे आणि एक-दोन धडपडी माणसंही आहेत.

अडचणींची यादी सहावर आली की जोड्या लावून क्रम काढता येतो. सहा गोष्टींच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत ‘या दोनपैकी आधी कोणतं?’ एवढंच विचारायचं, आणि का ते लिहून घ्यायचं. शेवटी कोणतं किती वेळा निवडलं गेलं या आकड्यांपेक्षा ही कारणंच उपयोगी पडतात. मोठ्या बैठकीत गरीब घरातला माणूस सावकारासमोर बोलणार नाही, म्हणून मत आडोशाला घ्या: झाकणाला भोक पाडलेले सहा डबे, त्यावर चित्रं, आणि प्रत्येकाला तीन बिया. बायकांच्या आणि पुरुषांच्या बिया वेगळ्या रंगाच्या ठेवल्या, तर मोजताना दोघांचा कल वेगवेगळा दिसतो.

लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं वळवलं जातं, मधल्या पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकारच लोकांकडे असतो. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे बघायला एक कसोटी पुरते: या बैठकीत गाव ‘नको’ म्हणालं असतं, तर काम खरंच थांबलं असतं का?

हिशेब गावासमोर मांडणं: पाण्याचं एक उदाहरण

स्वयंसेवकाचा खरा उपयोग पुष्कळदा इथे होतो. समजा ६० घरांचं, साधारण ३०० माणसांचं गाव आहे, आणि वरच्या बाजूच्या झऱ्याचं पाणी नळानं खाली आणायचं ठरलं आहे.

झरा मोजायचा तो वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात. पावसाळ्यानंतर मोजलेला झरा फसवतो, आणि फसलेल्या नळयोजनांमागे हे कारण वारंवार दिसतं. सगळं पाणी एका पाइपातून पडेल असा मातीचा छोटा बांध घाला, २० लिटरची खूण केलेली बादली धरा आणि ती भरायला लागणारा वेळ मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा. बादली चार मिनिटांत भरली, तर मिनिटाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर.

माणशी २० लिटर धरले तर गरज ६,००० लिटरची. वरवर पाहता भागतं. पण लोक पाणी चोवीस तास समान भरत नाहीत. निम्मं पाणी, म्हणजे ३,००० लिटर, सकाळी सहा ते नऊमध्ये लागतं, आणि त्या तीन तासांत झरा देतो फक्त ९०० लिटर. उरलेलं रात्री साठवावं लागेल. रात्री नऊ ते सकाळी सहा या नऊ तासांत २,७०० लिटर जमा होतात, म्हणून ३,००० लिटरची टाकी हवी. नळाला मिनिटाला साडेसात लिटर येतात असं धरलं, तर तीन तासांत एका नळाचे १,३५० लिटर. दोन नळ कमी पडतील, भांडी बदलण्यातही वेळ जातो. तीन नळ लावा. जनावरांसाठी ओसंडणाऱ्या पाण्याचा वेगळा हौद करा, नाहीतर ती नळाखाली चिखल करतात. संडासाचा खड्डा पाण्याच्या उगमापासून निदान ३० मीटर दूर आणि उगमाच्या खालच्या अंगाला असावा.

हा हिशेब वहीत करून निकाल सांगू नका. बादली लोकांकडून भरून घ्या, गुणाकार शाळेतल्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या. मग पुढची गोष्ट आपोआप दिसते: दिवसाला फक्त १,२०० लिटर शिल्लक राहतात. झरा सहाव्या हिश्शाहून थोडा जरी जास्त आटला, तरी तूट येईल. म्हणजे नळावर शेत भिजवायचं की नाही, याचा नियम आजच करायला हवा, आणि तो गावानंच करायला हवा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक पाणी, रानं, मासेमारी लोक स्वतः कशी टिकवतात, याच्या अभ्यासासाठी. त्यांनी दाखवलेल्या खुणा नियम करताना डोळ्यांसमोर ठेवा: वापरणाऱ्यांनीच नियम केलेले असावेत, पाळत ठेवणारा त्यांच्यातलाच आणि त्यांना जबाबदार असावा, शिक्षा पहिल्या चुकीला हलकी आणि पुढे चढती असावी, भांडण मिटवायची जागा जवळ आणि फुकट असावी. पहिल्याच चुकीला नळ तोडायचा नियम कुणी अमलात आणत नाही, आणि एकदा मोडलेला नियम पुन्हा उभा राहत नाही.

यंत्र निवडताना ते उघडणार कोण, हे आधी पाहा. इंडिया मार्क २ हा हापसा दणकट आहे, पण खालची दुरुस्ती करायला पाइप वर ओढावे लागतात. त्याला जड अवजारं आणि बाहेरची टोळी लागते. मार्क ३ मध्ये पाइप न काढता खालचे भाग वर घेता येतात. अॅफ्रिडेव्ह तर गावातल्याच माणसांना उघडता यावा या हेतूनं बेतला गेला. तो साधारण ४५ मीटर खोलीपर्यंत चालतो. सील आणि बेअरिंग झिजणारच. त्यांचे दोन जादा संच, पान्हा आणि जवळचं दुकान यांची सोय पंप बसवण्याआधी करा. याच्या उलट उदाहरण प्लेपंपचं. मुलं चक्रावर खेळतील आणि त्यातून पाणी वर येईल, ही कल्पना ऐकायला फार गोड होती, आणि २०१० पर्यंत आफ्रिकेतल्या १० देशांत असे ४,००० पंप बसवायचं ठरलं होतं. मुलं कायम खेळत नाहीत. मग मोठ्या बायकांना ते चक्र हातानं ढकलावं लागलं, बिघडल्यावर गावात कुणाला ते खोलता येईना, आणि बेत बारगळला. हापसा हवा की चक्र, हे पाणी भरणाऱ्या बायकांना कुणी आधी नीट विचारलं असतं, तर पुष्कळ काही वाचलं असतं.

समिती आणि पैसा

समिती सात ते नऊ जणांची पुरे. निम्म्या बायका असाव्यात, पण त्यातली एक खजिनदार किंवा सचिव असेल तरच त्या संख्येला अर्थ आहे. देखभालीला दोन माणसं शिकवा. एक गाव सोडून गेला तर दुसरा उरतो.

बँक खात्यावर तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन, आणि तिघं एका घरातले नकोत. तुमची सही कधीही नको, एक दिवसापुरतीसुद्धा नको. प्रत्येक जमेला पावती, प्रत्येक खर्चाला बिल, रोजच्या रोज वहीत नोंद, आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर शिल्लक. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवायची.

वर्गणी ठरवताना वर्षाचे सुटे भाग, देखभालीचं मानधन आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम यांची बेरीज करा. ती ६० घरांवर वाटू नका. सत्तर टक्के घरंच वेळेवर देतील असं धरून ४२ वर वाटा. कोणत्या घरांना माफी द्यायची ते गाव उघडपणे ठरवेल, आणि ते तुमच्यापेक्षा त्यांनाच बरोबर कळतं.

तुमचे स्वतःचे पैसे या सगळ्यापासून लांब ठेवा. एका घराला दिलेली उसनवारी दुसऱ्या दिवशी गावभर होते, आणि त्यानंतर तुमच्याशी होणारं प्रत्येक बोलणं त्या पैशाभोवती फिरतं.

प्रत्यक्ष काम चालू असताना

ज्या कामाची गावातल्या गवंड्याला किंवा सुताराला मजुरी मिळाली असती, ते तुम्ही फुकट करू नका. भिंत रचायची हौस असेल तर त्याच्या हाताखाली राबा. तो शिकवेल, तुम्ही शिकाल, आणि त्याचं काम त्याच्याकडेच राहील.

कोणतीही गोष्ट तीन फेऱ्यांत हातातून सोडा. पहिल्यांदा तुम्ही करा, ते पाहतील. दुसऱ्यांदा ते करतील, तुम्ही गप्प बसून पाहा. तिसऱ्यांदा तुम्ही तिथे असूच नका. दुसरी फेरी जड जाते, कारण समोरचा हळू करतो, चुकतो, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. इतिवृत्त वाकड्या अक्षरात आणि अर्धंमुर्धं लिहिलं गेलं, तरी ते तसंच राहू द्या.

खोदकामाबाबत मात्र गप्प बसू नका. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये. ओली माती क्षणात बसते. काढलेला ढिगारा कडेपासून लांब टाका. जुन्या बंद विहिरीत उतरायचंच नाही, तिथली हवा माणसाला आवाज न करता बेशुद्ध करते, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. टाकीतलं पाणी क्लोरिननं शुद्ध करायचं तर अर्ध्या तासानंतर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या किंवा गाळून घ्या.

लोक औषधासाठी तुमच्याकडे येतील. डॉक्टर नसाल तर गोळ्या देऊ नका. जुलाबाला एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, एवढं शिकवा आणि दवाखान्याची वाट दाखवा.

कुठे बिघडतं

सगळ्यात आधी बिघडतं ते राहण्याच्या घरामुळे. ज्याच्या घरी राहाल, त्याच्या गटाचे तुम्ही ठरता. शक्य असेल तर शाळेत किंवा कुणाच्याच बाजूची नसलेल्या जागी राहा, नाहीतर दर महिन्याला घर बदला आणि तसं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुसरं शब्दांमुळे. ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’ हे तुमच्यासाठी काहीच नसतं, ऐकणाऱ्यासाठी ते वचन असतं. जे हातात नाही त्याला ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असंच म्हणा.

बैठकीच्या हजेरीला पैसे द्यायची सवय लागली, तर पैसे थांबताच बैठकही थांबते. फोटोंचंही जपून असावं. आजारी माणूस, उघडं मूल, रडणारी बाई यांचे फोटो काढू नका; बाकीचे विचारून काढा, आणि कुठे जाणार आहेत ते सांगा. अडचणीचा सगळ्यात मोठा फोटो सगळ्यात जास्त देणग्या आणतो हे खरं आहे, पण त्या फोटोतल्या माणसाला उद्याही त्याच गावात राहायचं असतं.

निघण्याची तयारी

निघण्याची तारीख करारात आहेच; ती भिंतीवरही लिहा. दोन महिने आधी पंधरा दिवस गावाबाहेर जा आणि फोन करू नका. परत आल्यावर तीन गोष्टी तपासा: ठरलेल्या दिवशी बैठक झाली का, वर्गणी वहीत चढली का, आणि मध्ये काही बिघडलं असेल तर ते कुणी दुरुस्त केलं. जे झालं नाही, तेवढंच तुमचं उरलेलं काम. नवं काही हाती घेऊ नका.

कागद गावातच राहू द्या: नकाशे, झऱ्याच्या मोजणीची नोंद, पाइप कुठून कुठे पुरला आहे त्याचा आराखडा, सुट्या भागांची नावं आणि मापं, दुकानाचा नंबर, बैठकांची वही. एक प्रत शाळेत, एक समितीकडे. पुरलेल्या पाइपच्या वळणांवर दगड रोवून खूण करा. कागद भिजतो, पण नांगरणाऱ्याला दगड दिसतो.

सहा महिन्यांनी बोलावणं आलं तर पुन्हा जा, पाहुणे म्हणून. हापशाचं हँडल हलवून पाहा, नळाखाली चिखल आहे का पाहा, वहीचं शेवटचं पान कोणत्या तारखेचं आहे ते पाहा. लांबच्या वस्तीतल्या बायकांना पाणी मिळतं का, हे त्यांच्याच दारात जाऊन विचारा. आणि तुम्ही असताना केलेला एखादा नियम बदललेला दिसला, तर तो का बदलला ते नीट ऐकून घ्या.